दचकलेलें हसूं

गेल्या पावसाळ्यांत एका स्नेह्यांच्या घरीं आमच्या वाचनमंडळाची बैठक होती. महिन्यांतून एकदां पांच-सात कुटुंबांनीं एकत्र जमावें, कोणीं कांहीं वाचावें, त्यावर चार शब्द बोलावे आणि चहा घेऊन आपापल्या घरीं जावें, एवढाच या मंडळाचा विस्तार. त्या दिवशीं एका तरुणानें बा. सी. मर्ढेकरांची पिंपांत मेलेल्या उंदरांवरची कविता वाचली. वाचन संपलें तेव्हां खोलींत एक चमत्कारिक शांतता पसरली; आणि त्या शांततेंत यजमानांच्या मातोश्री, वय ऐंशीच्या घरांतलें, पदर तोंडाला लावून हसल्या. वाचणारा तरुण दुखावला. "आजी, यांत हसण्यासारखें काय आहे?" असें त्यानें विचारलें. "हसूं आलें रे बाबा, काय करूं?" त्या म्हणाल्या, "आणि आलें त्याच घटकेला अंगावर कांटाहि आला. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, प्लेगच्या दिवसांत घरांत उंदीर पडला कीं चुलीवरचें चुलीवर टाकून रानांत झोपडी बांधायची. मेलेला उंदीर म्हणजे आमच्या घरांत कधीं साधी गोष्ट नव्हती."

त्यानंतर जो वाद झाला तो सारा येथें देण्याचें कारण नाहीं. एक गृहस्थ म्हणाले, ही कविताच नव्हे, थट्टा आहे. एक विदुषी म्हणाल्या, ती थट्टा मुळींच नव्हे, यंत्रयुगांतील मानवाची शोकगाथा आहे. हसणारास ती कळलीच नाहीं. एका मुलीनें विचारलें कीं, दोन्ही एकदम असूं शकत नाहीं का? तिच्या प्रश्नास कोणीं उत्तर दिलें नाहीं, कारण तेवढ्यांत चहा आला. मला मात्र घरीं परततांना सारखें वाटत राहिलें कीं, बैठकींत खरा प्रश्न तोच होता, आणि मराठी वाचकानें तो गेलीं पाऊणशें वर्षें असाच चहावर ढकलला आहे.

जी कविता हसवते आणि त्याच श्वासांत काळोख दाखवते, तिच्यापुढें वाचकानें कसें बसावें? हसलों तर आपण निर्दय ठरतों आणि न हसलों तर अरसिक, अशी ही अडचण आहे. ही अडचण नवी नाहीं. आमच्या साहित्यशास्त्रानें ती फार पूर्वीं ओळखली होती. पण तिचा निकाल मात्र, निदान वरवर पाहतां, एकाच बाजूनें दिला.

चौदाव्या शतकांत विश्वनाथानें 'साहित्यदर्पणां'त रसांचें परस्परवैर सांगतांना हास्याचे वैरी म्हणून करुण आणि भयानक यांचीं नांवें दिलीं आहेत. शाळा-कॉलेजांतून रसव्यवस्था शिकलेला आपला वाचक हा पाठ पक्का गिरवून बसला आहे: डोळ्यांत पाणी आणणारी कविता हसवीत नाहीं, आणि हसवणारी कविता डोळ्यांत पाणी आणीत नाहीं, आणलें तर तें हसण्याच्या अतिरेकाचें. भरतानें तर नाट्यशास्त्रांत हास्याच्या सहा पायऱ्या सांगून त्या उत्तम, मध्यम आणि नीच अशा प्रकृतींत वांटून टाकल्या. उत्तमांनीं स्मित करावें, फार तर दांत किंचित् दिसूं द्यावे. अस्थानीं हसणें, डोळ्यांत पाणी येऊन खांदे नि मस्तक हालवीत हसणें, याला त्यानें 'अपहसित' हें नांव दिलें आणि तें नीच प्रकृतीच्या वांट्यास घातलें. या हिशेबानें आमच्या आजींचें त्या दिवशींचें हसणें अपहसित ठरतें. तें अस्थानीं होतें, आणि पदराआड डोळेहि कोरडे नव्हते.

परंतु त्याच भरतानें दुसरी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, आणि तिचा अर्थ आपण पुरेसा केला नाहीं असें मला वाटतें. प्रत्येक रसाला त्यानें एक वर्ण आणि एक देवता दिली. करुणाचा वर्ण पारव्याचा, देवता यम. हास्याचा वर्ण शुभ्र, देवता प्रमथ. हे प्रमथ कोण? शंकराचे गण. ज्यांचा धनी स्मशानांत राहतो, अंगाला राख फांसतो आणि गळ्यांत मुंडमाळा घालतो, त्या सेवकांकडे भरतानें हसण्याचें दैवत सोंपविलें. हास्य यमाच्या दारापासून फार दूर राहत नाहीं, हें शास्त्रकारास ठाऊक नव्हतें असें म्हणणें कठीण आहे.

अभिनवगुप्तानें तर याच्याहि पुढें जाऊन सांगितलें कीं, कोणत्याहि रसाचा आभास झाला कीं त्यांतून हास्य निपजतें. त्याचें करुणाविषयींचें म्हणणें फार मार्मिक आहे: जो ज्याचा आप्त नव्हे, त्यानें त्याच्यासाठीं शोक मांडला तर तो करुण राहत नाहीं, हास्य होतो. आतां हें वाक्य मर्ढेकरांच्या उंदरांपाशीं नेऊन ठेवा. उंदराचा आप्त कोण? कोणीहि नाहीं. मग त्याच्या मरणावर कवीनें गंभीर शोक मांडला, कीं वाचकास हसूं येणारच. तें शास्त्राला धरूनच आहे. पण हसतां हसतां वाचकाच्या ध्यानांत येतें कीं, बिळांत आयुष्य काढणारा, इच्छा नसतां जगणारा आणि इच्छा नसतां मरणारा हा प्राणी आपल्याला अगदींच परका नाहीं. आप्तपणाचा शोध लागतो आणि हसूं ओठांवरच थिजतें. या क्षणाला मी दचकलेलें हसूं म्हणतों. कवितेचें खरें काम त्या क्षणांत झालेलें असतें. जो वाचक हसलाच नाहीं त्याला दचकण्याचीहि संधि मिळाली नाहीं. आणि जो हसून मोकळा झाला तो दाराशीं येऊन परत गेला.

असे असतां आपला सुशिक्षित वाचक या कवितेपुढें इतका गोंधळला कां? याचें कारण त्याच्या वाचनाच्या संवयींत शोधलें पाहिजे. मर्ढेकरांच्या पूर्वींच्या दोन-तीन पिढ्यांत मराठी कवितेच्या वाचकानें आपल्या घरांत दोन निरनिराळे खण करून ठेवले होते. एकांत हसणें, दुसऱ्यांत रडणें. राम गणेश गडकरी यांचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. एकच मनुष्य; पण कविता लिहितांना तो 'गोविंदाग्रज' झाला आणि विनोद लिहितांना 'बाळकराम'. १९१९ सालीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, हा लेखक गेला, तेव्हां वाचकांपुढें जणूं दोन लेखकांची पुंजी पडली होती. आणि तरीहि 'एकच प्याला'मध्यें, जेथें दोन नांवांची सोय नव्हती, तेथें तळीराम आणि त्याचें आर्यमदिरामंडळ सिंधूच्या दुःखाला लागूनच हसत बसलें आहे. प्रेक्षक त्या प्रवेशांत हसतो, आणि पुढच्या प्रवेशांत ज्या दारूवर तो हसला तिनेंच घर बुडालेलें पाहतो. रंगभूमीवर जें चाललें, तें कवितेच्या पानावर मात्र दोन नांवांत विभागून राहिलें. दुसऱ्या खणांतलें एक उत्तम रत्न म्हणजे बालकवींचा 'पारवा'. भरतानें करुणाला दिलेला वर्ण आणि बालकवींनीं पडक्या धर्मशाळेच्या कौलारीं बसविलेला पक्षी एकच निघावा, हा योगायोग मोठा गोड आहे. त्या कवितेंत हसण्यास कोठेंच फट नाहीं. आणि आपल्या वाचकाला तिनें शिकविलें कीं, उदासी ही अशी अखंड आणि शुद्ध असावी.

पहिल्या खणांत 'केशवकुमारां'नीं, म्हणजे प्र. के. अत्रे यांनीं, 'झेंडूचीं फुलें' आणून ठेवलीं. त्या काळच्या कवींच्या लकबी, त्यांचे फारसी शब्द, त्यांचे उसासे, यांची विडंबनें वाचतांना महाराष्ट्र पोट धरून हसला. विडंबन हें वाचकाचें कान तयार करणारें मोठें साधन आहे, आणि अत्र्यांचे उपकार या बाबतींत कोणीं नाकारूं नयेत. परंतु या शिक्षणाचा एक परिणाम असाहि झाला कीं, ओळखीच्या छंदांत अनोळखी विषय दिसला कीं ही कोणाची तरी थट्टा आहे, असें समजण्याची वाचकाला संवय जडली. १९४७ सालीं मर्ढेकरांच्या 'कांहीं कविता' प्रसिद्ध झाल्या तेव्हां त्यांत ओवी आणि अभंग होते, पण देव्हारा नव्हता. गिरण्या, पंप, वंगण, पगार आणि युद्ध होतें. विडंबनाला सरावलेल्या कानानें लगेच विचारलें: हा कोणाला हसतो आहे? संतांना, कीं आम्हांला? तिसरी शक्यता, कीं कवि स्वतःलाहि त्याच पिंपांत पाहतो आहे, ती फार थोड्यांच्या लक्षांत आली. प्रकरण नुसत्या कुजबुजीवर थांबलें नाहीं. या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९५२ सालीं कवि निर्दोष सुटला. न्यायासनापुढें कविता निर्दोष ठरली. पण घराघरांतील बैठकींत ती अजून आरोपीच्या पिंजऱ्यांतच उभी आहे, याचा अनुभव आम्हीं त्या दिवशीं घेतला.

अशा कवितेला मिळणारे प्रतिसाद मोठ्या मानानें तीन जातींचे असतात. पहिला वाचक अपमानित होतो. कवीनें आपल्याला किळसवाणें कांहीं दाखवून वर तोंडावर हसण्याचा उद्धटपणा केला, असें त्यास वाटतें. या वाचकाचा राग समजण्यासारखा आहे, आणि त्याला गांवढळ म्हणून निकालांत काढणें हा टीकाकारांचा आळस होय. किळस येणें हा कवितेचा पराभव नसून पुष्कळदां तिचा हेतु असतो; हा वाचक हेतूपर्यंत पोंचतो, पण तेथून मागें फिरतो.

दुसरा वाचक उलगडा करणारा. हा हसत नाहीं, दचकतहि नाहीं; तो लगेच किल्ली शोधतो. पिंप म्हणजे शहर, उंदीर म्हणजे मजूर, ओल म्हणजे वासना, असा तक्ता मांडून तो समाधानानें बसतो. हा वाचक विद्वान असतो आणि त्याचे उलगडे बहुधा चुकीचे नसतात. पण कविता समजली कीं ती लागत नाहीं, असा कांहींसा प्रकार त्याच्या बाबतींत होतो. आमच्या विदुषी भगिनींचा रोष मी पत्करतों, पण हसणें हें अज्ञानाचें लक्षण मानून त्यांनीं कवितेच्या अर्ध्या अंगावर पांघरूण घातलें. त्या आखूड, समचालीच्या ओळी, तो जवळजवळ बालगीताचा ठेका, हें सारें कवीनें निष्कारण केलें काय? शोकगीतच लिहावयाचें असतें तर पारव्याचा सूर त्यालाहि ठाऊक होता. १९३९ च्या 'शिशिरागमां'त त्यानें हळव्या, एकसुरी उदासीची कविता लिहून पाहिली होती. ती वाट सोडूनच तो येथें आला.

तिसरा वाचक आमच्या आजींसारखा. तो आधीं हसतो, मग दचकतो, आणि मग त्याच्या आयुष्यांतलें कांहींतरी वर येतें. १८९६ सालीं मुंबईंत आणि पुढल्याच वर्षीं पुण्यांत प्लेग आला. त्यानंतरचीं कित्येक वर्षें या प्रांतांत मेलेला उंदीर हा मरणाचा निरोप्या होता. माणसांच्या आधीं उंदीर पडत. पिसवा मेलेल्या उंदरांस सोडून माणसांकडे वळतात, हें सिमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं कराचीस दाखवून दिलें. पण शास्त्रज्ञाच्या आधीं गृहिणींना उंदीर आणि मरण यांचें नातें ठाऊक झालें होतें. मर्ढेकरांच्या मनांत प्लेग होता कीं नव्हता, हा माझा प्रश्न नाहीं. त्या कवितेच्या पहिल्या वाचकांच्या घरांत ती आठवण जिवंत होती, आणि पिंप हें तर प्रत्येक न्हाणीघरांतलें. अशा घरांत मेलेले उंदीर हें नुसतें प्रतीक असूं शकत नाहीं. आजींनीं तक्ता मांडला नाहीं. त्यांनीं आठवण सांगितली. टीकेच्या दृष्टीनेंहि मला ती अधिक मोलाची वाटली.

येथें कोणी म्हणेल, आजी हसल्या त्या वयाच्या मोकळेपणानें. मराठी मनाला हा मिश्र स्वाद परकाच आहे, तो युरोपांतून आला. हें म्हणणें मला मान्य नाहीं. एकनाथांच्या भारुडांतील भवानीचा रोडगा आठवून पाहा. सून देवीला साकडें घालते. मागणें काय, तर सासरा, सासू, जाऊ, नणंदेचें पोर, इतकेंच नव्हे तर दादलासुद्धां, एकेकाची वाट लाव आणि मला एकटी राहूं दे. १५९९ सालीं नाथ समाधिस्थ झाले. त्या गोष्टीला सवाचारशें वर्षें झालीं, आणि अजूनहि हें भारूड उभें राहिलें कीं समोरच्या बायका हसून लोटपोट होतात. त्या हसण्यांत काय काय असतें, हें एकदां नीट ऐकावें. त्यांत सोंगाची मौज असते, जाचाची खूण असते, आणि असें मागणें आपणहि कधीं मनांतल्या मनांत केलें होतें, ही चोरटी ओळख असते. शेवटीं नाथ अध्यात्माचा धागा हातांत देतात, आणि माजघरांतलें मरण एकदम विकारांचें मरण होतें. हास्य, भय आणि भक्ति या तिघांना एका रिंगणांत नाचवणारी ही परंपरा आमच्याच अंगणांतली आहे. सुशिक्षित वाचकानें खण केले ते मागाहून.

तरीपण भारूड आणि मर्ढेकरांची कविता यांत एक महत्त्वाचा भेद आहे, आणि वाचकाच्या गोंधळाचें मूळ मला त्यांतच दिसतें. भारूड ऐकणारी बाई एकटी नसते. शेजारीण हसली कीं ती हसते, सोंग आणणारा थबकला कीं ती थबकते, आणि शेवटच्या चरणांत किल्ली हातीं येते. नव्या कवितेचा वाचक खोलींत एकटा, पुस्तक मुकें, आणि किल्ली कवीनें दिलेलीच नाहीं. हसूं आलें तर तें योग्य कीं अयोग्य हें सांगावयास शेजारीं कोणी नाहीं. म्हणून तो दुसऱ्या वाचकाकडे धांव घेतो आणि विचारतो: तुम्हांला हसूं आलें का? वरवर हा प्रश्न पोरकट वाटतो. पण ज्याला कीर्तनकार हरवला आहे अशा श्रोत्याचा तो प्रश्न आहे. आमच्या बैठकीसारख्या बैठकींचें प्रयोजन मला येथें सांपडतें. पांच माणसांनीं पांच प्रकारें दिलेला प्रतिसाद म्हणजेच त्या कवितेचा हरवलेला शेवटचा चरण. तो एकट्यानें रचतां येत नाहीं.

एवढें म्हटलें म्हणून काळोख आणि विनोद यांचें कोणतेंहि मिश्रण मी डोक्यावर घेतों, असा समज होऊं नये. हॅरी ग्रॅहॅम या इंग्रज लेखकानें १८९८ च्या सुमारास 'रूथलेस ऱ्हाइम्स फॉर हार्टलेस होम्स' नांवाचें लहानसें पुस्तक काढलें. घरांतल्या पोरांना, दायांना, नातलगांना भयंकर अपघात होतात, आणि भोंवतालचे लोक त्यावर एखादें थंड, सभ्य वाक्य बोलतात, ही त्यांतली युक्ति. पहिल्या वाचनीं हसूं फुटतें; युक्ति उत्तम आहे. पण पुस्तक मिटल्यावर मागें कांहीं उरत नाहीं, कारण ज्याला अपघात झाला तो मनुष्य नव्हताच, यमकाची सोय होती. तेथें दचकणें नाहीं, कारण आप्तपणाचा शोध लागण्यास कोणी आप्तच नाहीं. आजकाल मरण, रोग, आत्मघात यांवर चटकदार चार ओळी लिहिण्याची जी हौस दिसते, तिच्यापैकीं पुष्कळ माल या जातीचा आहे. तो निरुपद्रवी असेल. पण त्याला धैर्य म्हणूं नये.

उलट अरुण कोलटकरांच्या 'चिरीमिरी'कडे पाहा. २००४ सालीं हे कवि वारले. त्यांच्या अखेरच्या काळांत आलेल्या या संग्रहांत बळवंतबुवांबरोबर वेश्या पंढरीच्या वाटेला लागतात. ऐकतांच सभ्य गृहस्थाचे कान टंवकारतात: आतां वारीची थट्टा होणार, किंवा या बायकांची. थट्टा होते खरी, आणि ती चांगली खळखळून होते. पण शेवटीं लहान होतो तो ती पाहणारा सभ्य गृहस्थ. बाया लहान होत नाहींत आणि विठोबाहि होत नाहीं. मला वाटतें, परीक्षा हीच लावावी. हसणें ओसरल्यावर लहान कोण झालें? दुःख भोगणारा लहान झाला असेल तर ती क्रूरता. कोणीच झालें नसेल तर ती करमणूक. हसणारा स्वतः थोडा लहान झाला आणि दुःखाच्या शेजारीं जाऊन बसला, तर ती कविता.

या कसोटीवर आमच्या बैठकींतील सर्वांत योग्य वाचन आजींचें ठरतें, असें मी निःशंकपणें म्हणेन. कवितेचें शास्त्र त्या शिकल्या नव्हत्या. पण हसूं आणि कांटा एकाच घटकेला आले, हें त्यांनीं लपविलें नाहीं. त्या तरुणाचा गंभीरपणाहि खोटा नव्हता. त्यानें कवितेवर प्रेम केलें होतें, आणि प्रेमाची थट्टा झालेली कोणाला रुचेल? परंतु कवितेचा मान राखण्यासाठीं हसूं दाबून धरावें लागतें, हा त्याचा समज मात्र त्यानें सोडावा. पुढच्या महिन्यांत बैठक आमच्या घरीं आहे. आजींना घेऊन या, असा निरोप मीं यजमानांकडे मुद्दाम धाडला आहे. आणि त्या मुलीलाहि सांगितलें आहे कीं, तुझ्या प्रश्नापासूनच आरंभ करूं, चहा नंतर.